सजावटी टाका येतो कुठून? जुन्या शिवणयंत्रांची पार्श्वभूमी

भरतकामासाठी जुनं शिवणयंत्र घेताना बहुतेकांची नजर आधी कंपनीच्या नावावर आणि अंगावरच्या सोनेरी वेलबुट्टीवर जाते. खरं तर आधी पाहायचं ते हे, की त्या यंत्रात नक्षी कोण काढतं: शिवणाऱ्याचे हात, वरून लावलेला जोडभाग, डावी-उजवीकडे हलणारी सुई की आत दडलेली खाचांची चकती. शंभरेक वर्षांत नक्षीचं काम एकाकडून दुसऱ्याकडे सरकत गेलं आणि जिथे सरकलं तिथेच यंत्राची नवी दुखणीही गेली.

एलियस हाव यांचं लॉकस्टिचचं पेटंट 1846 चं, आयझॅक सिंगर यांचं 1851 चं. वरचा दोरा आणि खालचा दोरा कापडाच्या मधोमध अडकतात, टाका सरळ रेषेत पडतो, बस्स. नक्षी हवी तर कापड हातानं फिरवायचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंगरची यंत्रं भारतात येऊ लागली. 1930 च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगनं ‘उषा’ बाजारात आणलं. महाराष्ट्रात घरोघरी दिसणारी काळी पायमशीनं बहुतांश सिंगरच्या 15 क्लासच्या ठेवणीची आहेत: उभी बसणारी बॉबिन (खालच्या दोऱ्याची रिळी), तिच्याभोवती वरच्या दोऱ्याचा फास फिरवणारं, मागेपुढे डोलणारं शटल. झिगझॅग येत नाही म्हणून ती भंगारात काढणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. वेल, पानं, नावं, शेडिंग यांत याच यंत्रावर काम केलेला कारागीर आजही भारी पडतो.

अशा यंत्रावर भरतकाम करायचं तर प्रेशर फूट (कापड दाबून धरणारा पाय) काढा आणि कापड सरकवणारे दाते निकामी करा. काही मॉडेलांत पलंगाखालचा (सुईखालच्या सपाट भागाखालचा) स्क्रू सैल करून दाते खाली जातात. तशी सोय नसेल तर दात्यांवर झाकणपट्टी बसवतात. कापड रिंगमध्ये ढोलासारखं ताठ, पण असं ताणायचं की ते थेट यंत्राच्या पृष्ठभागावर टेकेल. नवशिक्यांचं इथे एकच ठरलेलं चुकतं: फूट नाही म्हणून त्याचा दांडा वरच ठेवतात. दांडा वर असला की टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्या उघड्या राहतात आणि कापडाखाली दोऱ्याचं जाळं होतं. फूट नसलं तरी दांडा खालीच हवा. वर रेयॉनचा चमकदार दोरा आणि 11 किंवा 14 नंबरची सुई घ्या. वरचं टेन्शन नेहमीपेक्षा सैल ठेवलं की गाठ उलट्या बाजूला उतरते.

हातकामाचा कंटाळा असणाऱ्यांसाठी कंपन्यांनी जोडभाग काढले: चुण्या घालणारा रफलर, काजं करणारा बटनहोलर आणि झिगझॅगर. झिगझॅगरचा चिमटा सुईच्या स्क्रूवर बसतो. सुई वर-खाली झाली की आतली चकती फिरते आणि सुई जागची न हलता कापडच बाजूला ढकललं जातं. हे डबीबंद जोडभाग जुन्या बाजारात जाम झालेले मिळतात, आणि कारण जवळजवळ नेहमी वाळलेलं ग्रीस असतं. स्क्रू काढा, रॉकेलनं धुवा, पुसा, मशीन तेलाचा एकेक थेंब द्या. बहुतेक चालू होतात.

कारखान्यांत मात्र यंत्रं आधीच पुढे गेली होती. फ्रान्समध्ये आंत्वान बोनाझ यांनी 1865 मध्ये साखळी टाक्याचं भरतकाम यंत्र पेटंट केलं आणि ते कॉर्नेली नावानं जगभर गेलं. त्यात बॉबिनच नाही. आकडीदार सुई खालून दोरा उचलते आणि पलंगाखालची मूठ फिरवली की टाक्याची दिशा वळते. आकडीच्या टोकाला सूक्ष्म खरखर आली की दोरा फाटतो, म्हणून घेताना आधी आकडीवरून रेशमी धागा ओढून पाहावा. स्वित्झर्लंडच्या स्टेकबोर्नमध्ये फ्रिट्झ गेगाउफ यांनी 1893 मध्ये जाळीच्या शिवणीचं यंत्र बनवलं. पुढे यातूनच बर्निना उभी राहिली. अशा जाळीदार ओळीच्या मधोमध कात्री चालवली की कडेला बारीक दाते उरतात. मूळ पिको तो. आपल्याकडे साडीला ‘पिको-फॉल’ करून देणारी दुकानं तेच काम अरुंद, दाट झिगझॅगनं भागवतात.

झिगझॅग टाक्याचं पेटंट हेलन ब्लँचर्ड यांनी 1873 मध्येच घेतलं होतं, तरी घरगुती यंत्रात डोलणारी सुई रुळायला 1930 चं दशक उजाडलं: इटलीतल्या पाव्हियाची नेकी, जर्मनीची फाफ 130, 1938 ची बर्निना 117. या पिढीत नक्षीचा भार सुईच्या दांड्याला धरून डोलणाऱ्या चौकटीवर येतो आणि झीजही तिथेच होते. दुकानात पाहण्याची कसोटी सोपी आहे. सुती कापडाची दुहेरी घडी, खाली कागद, वर-खाली वेगळ्या रंगांचे दोरे घ्या. टाक्याची रुंदी पूर्ण आणि लांबी जवळपास शून्य ठेवून वीतभर सॅटिन पट्टी काढा. पट्टीची कड लाटेसारखी हलत असेल तर चौकटीत खेळ (ढिलेपणा) आला आहे, आणि तो काढणं खर्चिक. फक्त एकाच टोकाला टाके सुटत असतील तर घाबरू नका. सुई वळलेली नसेल तर हातानं चाक फिरवून पाहा: दोन्ही टोकांना शटलचं टोक नेढ्याच्या किंचित वरून गेलं पाहिजे. जात नसेल तर सुईच्या दांड्याची उंची सुधारावी लागते.

सुईवरूनच एक सापळा. सिंगरची 206, 306 आणि 319 ही झिगझॅग मॉडेलं 206x13 सुई मागतात. ती नेहमीच्या 15x1 पेक्षा आखूड असते आणि सहज मिळत नाही. नेहमीची सुई तशीच लावली तर ती खाली बॉबिन केसवर आदळू शकते. यंत्र कितीही देखणं असो, सुया हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

1950 चं दशक हे सजावटी टाक्याचं सुवर्णयुग. जिनिव्हाच्या ताव्हारो कंपनीनं 1952 मध्ये एल्ना सुपरमॅटिक आणली: चकती बदला, नक्षी बदलते. नेकीच्या बीयू सुपरनोव्हाला 1954 मध्ये डिझाइनचा ‘कोम्पासो द’ओरो’ पुरस्कार मिळाला. दशकाच्या उत्तरार्धात तिरप्या सुईची सिंगर 401 आली, जिच्यात बरेच कॅम, म्हणजे नक्षीच्या खाचांच्या चकत्या, आतच आहेत. कॅमच्या कडेवर चढउतार कोरलेले असतात. त्यावरून घसरणारा काटा सुईला डावी-उजवीकडे ढकलतो. हे काटे आणि कॅम तेलाच्या पातळ थरावर चालतात. तेल वाळून लाखेसारखं चिकटलं की यंत्र सरळ शिवतं, पण नक्षी करत नाही. विकणारा म्हणतो, “मोटर कमजोर आहे.” मोटरचा काही संबंध नसतो.

इथे बळ लावणं हाच गुन्हा. सुई कापडाच्या बाहेर, रुंदीचं बटण शून्यावर, म्हणजे काटे कॅमवरून उचललेले. मगच निवडीचं चाक हळूच हलवून पाहायचं. प्रत्येक सांध्यावर मशीन तेलाचा थेंब, हेअर ड्रायरची मंद ऊब, रात्रभर वाट, पुन्हा थेंब. फारच घट्ट असेल तर थेंबभर रॉकेल. पण ते तेलही धुऊन नेतं, म्हणून नंतर मशीन तेल द्यायलाच हवं. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल कधीही नको: आपल्याकडे जाम झालेल्या कित्येक यंत्रांच्या आत तेच गोठलेलं असतं. रंगावर स्पिरिट लावू नका, जुन्या यंत्रांवरचा लाखेचा लेप विरघळून वेलबुट्टी निघून येते. एल्नात आणखी एक गंमत: मोटरचं रबरी चाक घर्षणानं चालतं आणि वर्षानुवर्षं एकाच जागी दाबून राहिलं की त्याला चपटा डाग पडतो. यंत्र ‘ठक ठक’ करतं ते यामुळे. चाक बदललं की शांत.

1960 नंतर प्लास्टिकचे गिअर आले. वय झालं की त्यांना तडे जातात. बर्निना 830 मध्ये कॅमच्या गिअरची ही खोड प्रसिद्ध आहे. झाकण काढून टॉर्चच्या उजेडात तडा शोधल्याशिवाय असं यंत्र घेऊ नये. 1975 च्या सिंगर अथेना 2000 नं कॅमचं काम इलेक्ट्रॉनिक सर्किटवर टाकलं, आणि तेल-स्क्रूड्रायव्हरची दुरुस्ती तिथे संपली.

परदेशातल्या नातेवाइकांकडून यंत्र आणत असाल तर मोटरवरची पाटी आधी वाचा. अमेरिकेतलं यंत्र 110 व्होल्टचं असतं. आपल्या 230 व्होल्टवर थेट लावलं की मोटर जळते. पाटीवरच्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. युरोपी यंत्रांच्या पायडलमधला जुना कपॅसिटर फुटून धूर काढतो, तो आधीच बदलून घ्या. वायरीचं रबर वाकवल्यावर तडकत असेल तर प्लग लावण्याआधी सगळी वायर नवी टाका.