क्वा की शिउहे? चिनी नवरीच्या लाल पोशाखात फरक असतो तो इथे

चिनी लग्नाचे फोटो पाहिले की नवरी नेहमी एकाच पोशाखात असल्यासारखी वाटते. वर उभ्या गळ्याचा लाल अंगरखा, खाली पायघोळ परकर आणि दोन्हींवर सोनेरी भरतकाम. त्याला सरसकट ‘चीपाओ’ म्हणून लोक मोकळे होतात. पण चीपाओ म्हणजे अंगासरशी बसणारा, बाजूला चीर असलेला एकसंध झगा. तो १९२० च्या दशकात शांघायमध्ये लोकप्रिय झाला. अंगरखा आणि परकर असे दोन वेगळे भाग दिसले की तो चीपाओ नाही, इथे विषय मिटला. खरा घोळ पुढे आहे, कारण असे दोन भागांचे पोशाखही दोन आहेत: क्वा आणि शिउहे.

क्वा दक्षिणेचा. ग्वांगदोंग प्रांत आणि हाँगकाँगमधल्या कँटनी बोलणाऱ्या कुटुंबांत त्याला ‘क्वान क्वा’ म्हणतात. क्वान म्हणजे परकर आणि क्वा म्हणजे वरचा अंगरखा. हा अंगरखा पुढून मधोमध उघडतो, परकर सरळ खाली पडतो, त्याला चुण्या नसतात. कमरेचा आकार दाखवणं हा त्याचा हेतूच नाही. सगळा जीव भरतकामात. ड्रॅगन आणि फिनिक्स म्हणजे वर आणि वधू, हे मुख्य. त्यांच्या अवतीभवती कमळं, फुलपाखरं, मँडरिन बदकांची जोडी आणि वटवाघळं. आपल्याकडे लग्नाच्या कपड्यावर वटवाघूळ काढलं तर आजी भरतकाम करणाऱ्यालाच घराबाहेर काढेल, पण चीनमध्ये ते सौभाग्याचं चिन्ह आहे.

क्वाची प्रतवारी ठरते ती लाल कापड किती झाकलं गेलं यावर. ‘लहान पंचसौभाग्य’ प्रकारात पाच वटवाघळं असतात आणि भरपूर लाल मोकळं राहतं. त्यावर ‘मध्यम’, मग ‘मोठं’, त्यानंतर ‘क्वाची राणी’ आणि सगळ्यात वर ‘क्वाचा राजा’. राजा प्रकारात नक्षी इतकी दाट की लाल कापड शोधावं लागतं; दुरून अख्खा पोशाख सोन्या-चांदीचा वाटतो. टाकाही जवळून पाहण्यासारखा आहे. सोन्या-चांदीची जर कापडातून आरपार जात नाही. ती वरच मांडतात आणि बारीक रेशमी टाक्यांनी जागोजागी पकडून ठेवतात. जरदोजी पाहिलेल्याला हे तंत्र लगेच ओळखू येईल. ड्रॅगनचं अंग फुगीर दिसावं म्हणून जरीखाली कापसाचा भर घालतात. हातानं केलेल्या राजा क्वाला कित्येक महिने लागतात, किंमतही तशीच, म्हणून हाँगकाँगमध्ये तो भाड्यानं घेण्याचा रिवाज आहे. हाँगकाँगची क्वान क्वा शिवण्याची कला, तिथल्या चीपाओसह, २०२१ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

शिउहेची गोष्ट अगदी वेगळी आहे. हे नावच मुळी एका मालिकेतल्या पात्राचं. या शतकाच्या सुरुवातीला एक चिनी मालिका गाजली. तिची वेशभूषा टिम यिप यांची होती, ज्यांना २००१ मध्ये कलादिग्दर्शनासाठी ऑस्कर मिळालं होतं. झोउ शून या अभिनेत्रीनं साकारलेल्या शिउहेचे कपडे लोकांना इतके आवडले की लग्नाच्या दुकानांनी त्याच नावानं पोशाख विकायला घेतला. नाव नवं असलं तरी घाट जुना आहे. छिंग राजवटीच्या काळातल्या (१६४४-१९१२) हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य समाजाच्या, स्त्रियांच्या ऐसपैस अंगरख्यावरून तो घेतला आहे. बहुतेक शिउहे गळ्यापासून उजव्या काखेकडे तिरका उघडतो, बाह्या रुंद असतात. परकराला समोर आणि मागे सपाट पट्टा, बाजूंना चुण्या, त्यामुळे तो खाली पसरतो आणि चालायला सोपा जातो. भरतकाम जरीपेक्षा रंगीत रेशमाचं जास्त, लाल मोकळं ठेवणारं.

मालिकेतली शिउहे पहिली बायको नव्हती. वारस हवा म्हणून तिला घरात तिसरी बायको म्हणून आणलं जातं. जुन्या चालीप्रमाणे भडक लाल रंगाचा मान पहिल्या बायकोचा. त्यामुळे ‘धाकट्या बायकोचे कपडे घालून लग्न कसलं करता?’ असा टोमणा चिनी इंटरनेटवर अधूनमधून ऐकू येतो. मला तो पोकळ वाटतो. नवरी घालते तो पोशाख, पात्राचं नशीब नव्हे. शिवाय ‘अस्सल परंपरा’ म्हणून मिरवणारा क्वासुद्धा पूर्वी नखशिखांत लाल नव्हता. वरचा अंगरखा काळा आणि परकर लाल अशीच जोडी चालायची. पूर्ण लाल जोडी रूढ झाली ती विसाव्या शतकात. काळा क्वा आता वर-वधूच्या आयांकडे गेला आहे.

दोन्ही पोशाखांचा खरा कस लागतो चहाच्या विधीत. नवरा-नवरी गुडघे टेकून थोरल्यांना दोन्ही हातांनी पेला देतात. थोरले घोट घेतात, पैशांचं लाल पाकीट देतात आणि नवरीला सोनं घालतात. कँटनी लग्नात ड्रॅगन-फिनिक्सच्या जाड बांगड्या आणि पिल्लांसह डुकरिणीचं पदक असलेला हार हमखास असतो, भरपूर मुलं व्हावीत म्हणून. क्वाची बाही मनगटाच्या अलीकडे संपते, त्यामुळे बांगड्या उठून दिसतात. शिउहेच्या रुंद बाहीत त्या झाकल्या जातात. तिथे शोभा डोक्यावर असते: केसांत खोचलेले हलणारे लोंबते काटे, कधी फिनिक्सचा मुकुट, आणि चेहऱ्यापुढे धरायचा गोल पंखा. पंख्याआडून चेहरा दाखवणं ही थांग राजवटीच्या काळातली (६१८-९०७) चाल, अलीकडे पुन्हा वर आलेली.

फोटोत झटकन ओळखायचं असेल तर परकराकडे पाहा. चुण्यांसह पसरलेला असेल तर बहुधा शिउहे. सरळ उभा आणि जरीनं जड असेल तर क्वा. अंगरखा कुठून उघडतो यावर मात्र विसंबू नका, कारण मधोमध उघडणारे शिउहेही हल्ली दुकानांत सर्रास मिळतात.