घाम, चरबी आणि टोनी मकॉयचा वजनकाटा

पोटाला प्लास्टिकचा पट्टा आवळून ट्रेडमिलवर धावणारी माणसे दिसली की मला टोनी मकॉय आठवतो. घाम काढून वजन उतरवण्यात या जॉकीचा, म्हणजे घोड्यांच्या शर्यतीतल्या स्वाराचा, हात धरणारे फार थोडे असतील. त्या घामातून चरबी मात्र गुंजभरही गेली नसणार.

मकॉय उत्तर आयर्लंडचा. घोड्यांचे प्रशिक्षक जिम बोल्जर यांच्या तबेल्यात तो सपाट शर्यती शिकला आणि १९९२ साली आयर्लंडमधल्या थर्ल्सला पहिली शर्यत जिंकला. सपाट म्हणजे महालक्ष्मीला आणि पुण्याला होतात तशा, वाटेत अडथळे नसलेल्या. त्यांत घोड्यावरचा भार खोगिरासकट कधी कधी जेमतेम ५०-५५ किलो असतो. १९९३ मध्ये मकॉयचा पाय मोडला, सक्तीच्या विश्रांतीत वजन वाढले. उंचीही पाच फूट दहा इंचांवर गेली, आणि हाडे काही उपासाने आखूड होत नाहीत. १९९४ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या घोड्यांवर बसू लागला. हे घोडे वयाने मोठे, हाडापेराने भक्कम. तिथला किमान भार तेव्हा ६३.५ किलो होता. पण तोही खोगिरासकट! एवढ्या उंच माणसाला तेवढ्यात बसवायचे म्हणजे उपासमार आणि कढत पाण्याची आंघोळ.

आता खरी गंमत. चरबीचा एक नमुनेदार रेणू घ्या: ५५ कार्बन, १०४ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. तो पूर्ण जाळायला ऑक्सिजनचे ७८ रेणू लागतात. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ५५ आणि पाण्याचे ५२ रेणू तयार होतात. रेणुभारांचा हिशेब केला तर १ किलो चरबीला सुमारे २.९ किलो ऑक्सिजन लागतो. कोणता अणू कुठे जातो याचा माग काढला, तर त्या किलोतले सुमारे ८४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडावाटे बाहेर पडतात आणि उरलेल्याचे पाणी होते. म्हणजे चरबी मुख्यतः उच्छ्वासातून जाते. म्हणून जोरजोरात श्वास घेऊन बारीक व्हायला जाऊ नका. आधी चरबी जळावी लागते, आणि १ किलो जळताना साधारण ९००० किलोकॅलरी सुटतात. दिवसाला २५०० खर्च करणारा माणूस पूर्ण उपाशी राहिला आणि निव्वळ चरबीच जाळली, तरी पाव किलोच्या थोडे वर जाईल. सकाळच्या तासाभरात काटा किलोभर उतरला तर ते पाणीच.

कढत टबात हे पाणी भराभर जाते. एरवी घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. पाण्यात बुडालेल्या त्वचेवर तो वाळतच नाही. अंग थंड होत नाही, म्हणून शरीर आणखी घाम सोडते. त्यातला काही भाग रक्तातल्या द्रवाचा असतो. रक्ताचे आकारमान घटले की तेवढेच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. आणि या अवस्थेत भरधाव घोड्यावरून अडथळे ओलांडायचे! ‘डिटॉक्स’ म्हणून घामाच्या खोल्या विकणाऱ्यांनी हे एकदा वाचावे.

मकॉयने या शरीरावर २०१५ पर्यंत सलग २० वेळा चॅम्पियन जॉकीचा किताब मिळवला, अडथळ्यांच्या ४३४८ शर्यती जिंकल्या आणि २०१० मध्ये ‘डोन्ट पुश इट’ या घोड्यावर ग्रँड नॅशनल ही इंग्लंडमधली अडथळ्यांची नामांकित शर्यतही. जिंकून आल्यावर जॉकीला पुन्हा काट्यावर बसावे लागते. त्यानंतर अर्धा लिटर पाणी प्यायले की अर्धा किलो जागच्या जागी परत.