फ्यूजवरचा बाण

गेल्या महिन्यात एका मित्राने आपल्या अँप्लिफायरसाठी परदेशातून मागवलेला फ्यूज मला दाखवायला आणला. लांबी २० मिलिमीटर आणि जाडी ५ मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळणाऱ्या फ्यूजएवढाच. मात्र याच्या दोन्ही टोप्यांना सोन्याचा मुलामा होता आणि नळीवर एक बारीकसा बाण छापलेला होता. बाण वीज वाहते त्या दिशेला ठेवावा, आणि आवाज ‘मोकळा’ वाटला नाही तर फ्यूज उलटा बसवून पाहावा, असे सोबतच्या पत्रकात लिहिले होते. मी किंमत विचारली, आणि ती कळल्यावर विचारली नसती तर बरे झाले असते असे वाटले.

‘वीज वाहते त्या दिशेला’ या शब्दांपाशीच पहिला घोटाळा आहे. हा फ्यूज भिंतीतल्या २३० व्होल्टच्या, ५० हर्ट्झच्या प्रत्यावर्ती प्रवाहात बसतो, आणि तो प्रवाह सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर प्रवाह जात असेल, तर इलेक्ट्रॉनांचा पुढे सरकण्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ०.०७ मिलिमीटर भरतो. इतक्या संथपणे निघालेला इलेक्ट्रॉन सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात मागे फिरतो, त्यामुळे त्याची सगळी येरझार केसाच्या जाडीच्या जेमतेम शंभराव्या भागात आटोपते. असेच बाण ध्वनीचा संदेश नेणाऱ्या केबलींवरही छापलेले असतात; तो संदेशही प्रत्यावर्तीच असतो, त्यामुळे केबललाही हेच लागू पडते.

यावर बाणवाल्यांचे उत्तर तयार असते, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. इलेक्ट्रॉन जागच्या जागी झुलत असले तरी ऊर्जा भिंतीकडून अँप्लिफायरकडे, एकाच दिशेने जाते, असे ते म्हणतात. हे खरे आहे. पण त्यामुळे तारेला दिशा मिळत नाही. तारेला दिशा असायची तर तिचा रोध एका बाजूने कमी आणि दुसऱ्या बाजूने जास्त असायला हवा. तसा तो असतो, कारण तार साच्याच्या भोकातून ओढताना तिच्यातले स्फटिककण, म्हणजे धातू ज्यांचा बनलेला असतो ते बारीक स्फटिक, एका बाजूला कलतात आणि कणाकणामधली सीमा सूक्ष्म डायोडसारखी, म्हणजे वीज एकाच बाजूने सहज जाऊ देणाऱ्या भागासारखी, वागते, असा त्यांचा दावा आहे.

तार ओढताना कण लांबुळके होतात, हे खरेच आहे. मात्र त्यानंतर तार तापवून मऊ केली की कण नव्याने तयार होतात आणि ओढल्याची खूण बरीचशी पुसली जाते. डायोडची कल्पनाही हवेतली नाही. दोन पदार्थांच्या स्पर्शातून प्रवाह एकाच बाजूने सहज जातो, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८७४ साली धातूंच्या सल्फाइडांवर दाखवले होते. जगदीशचंद्र बोस यांच्या गॅलेना या शिशाच्या खनिजापासून बनवलेल्या संवेदकाला १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. आणि १९२० च्या दशकात तांबे व त्याचे ऑक्साइड यांच्या चकत्यांपासून रेक्टिफायर, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला एकाच दिशेचा करणारी साधने, बनू लागले. परंतु या सर्वांत एका बाजूला धातू आणि दुसऱ्या बाजूला अर्धवाहक (सेमीकंडक्टर) आहे. तांब्याच्या दोन कणांमध्ये दोन्हीकडे तांबेच असते, त्यामुळे एकीकडून चढ आणि दुसरीकडून उतार असा उंबरठा तिथे उभाच राहत नाही.

तरीही वादापुरते मानू की प्रत्येक सीमा हा एक उत्तम डायोड आहे आणि सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला आहेत. मला या विषयातला सर्वांत आवडणारा भाग इथे सुरू होतो. डायोडलाही दिशा ‘कळण्यासाठी’ पुरेसे विभवांतर (व्होल्टेज) लागते. खोलीच्या तापमानाला इलेक्ट्रॉनांची उष्णतेमुळे चाललेली धक्काबुक्की सुमारे २५ मिलिव्होल्टच्या तोडीची असते. विभवांतर त्याहून फारच कमी असेल, तर उंबरठा ओलांडणारी गर्दी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच राहते आणि डायोड साध्या रोधासारखा वागतो. तसे नसते, तर टेबलावर पडलेल्या डायोडने खोलीतल्या उष्णतेपासून फुकटची वीज निर्माण केली असती, आणि ते का घडू शकत नाही याचा ऊहापोह फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लिओं ब्रिल्वाँ यांनी १९५० मध्येच करून ठेवला आहे.

आता आकडे पाहू. ०.०५ ओहम रोधाची मीटरभर केबल १ व्होल्टचा संदेश १०,००० ओहम रोधाच्या अँप्लिफायरला देत असेल, तर प्रवाह ०.१ मिलिअँपिअर आणि केबलच्या दोन टोकांतले विभवांतर ५ मायक्रोव्होल्ट होते. कण २० मायक्रोमीटरचा धरला तर मीटरभर लांबीत ओळीने ५०,००० सीमा येतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला ०.१ नॅनोव्होल्ट येतो, म्हणजे २५ मिलिव्होल्टहून २५ कोटी पट कमी. दोन बाजूंना वेगळे वागणारी वस्तू मूळ स्वरात दुप्पट वारंवारितेच्या स्वराची भेसळ करते. इथे ती भेसळ त्या ५ मायक्रोव्होल्टमधल्या शंभर कोटीतल्या एका भागाएवढी निघते. तारेच्या स्वतःच्या उष्णतेमुळे तिच्यात, कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात, सुमारे ४ नॅनोव्होल्टचा गोंगाट कायमच चालू असतो. आपली भेसळ त्याच्याही सुमारे आठ लाख पट खाली राहते.

फ्यूजपुढे तर ट्रान्सफॉर्मर आणि त्यानंतर चार डायोडांचा पूल असतो, आणि प्रवाहाला दिशा लावण्याचे काम तो पूल उघडपणे करतो. फ्यूज आवाज अजिबात बिघडवत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. स्पीकरच्या वाटेत फ्यूज बसवला, तर मोठ्या आवाजातल्या खर्जाबरोबर त्याची बारीक तार तापते व निवते, तिचा रोध वरखाली होतो आणि मोजता येईल अशी विकृती निर्माण होते. पण तापणे प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे प्रवाह उजवीकडे गेला काय आणि डावीकडे गेला काय, फ्यूज सारखाच तापतो.

दक्षिणेकडे पाय करून झोपू नये याला रक्तातले लोह आणि पृथ्वीचे चुंबकत्व असे ‘शास्त्रीय’ कारण सांगितले जाते, त्याच घरातली ही स्फटिककणांची कथा आहे. लोह खरे आणि चुंबकत्वही खरे, पण हिमोग्लोबिनमधले लोह खिळ्यासारखे ओढले जात नाही, आणि परिणाम किती, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

मित्राला फरक ऐकू आला, हे मी खोटे ठरवत नाही. फ्यूज काढून पुन्हा बसवला की त्याला धरणाऱ्या चिमट्यावरचा काळपट थर घासला जातो आणि स्पर्श सुधारतो, मग फ्यूज कोणत्याही बाजूने बसवा. शिवाय उपकरण बंद करून, प्लग काढून फ्यूज फिरवायला मिनिटभर जातो, आणि तेवढ्या वेळात आवाजाचे बारकावे स्मरणात टिकत नाहीत. अपेक्षा मात्र टिकते. श्रोत्याला आणि बदल करणाऱ्याला, दोघांनाही काय जोडले आहे ते ठाऊक नसताना १६ फेऱ्या घ्याव्यात. नुसत्या अंदाजाने १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते, त्यामुळे तिथून पुढे मी कान टवकारीन.

बाणाला खरा अर्थ असलेल्या केबलीही असतात. मित्राच्याच संचातल्या अशा एका केबलीच्या दोन्ही प्लगांची टोपणे मी फिरवून काढली. आत दोन तारा आणि त्यांभोवती विणलेली तांब्याची जाळी होती. एका टोकाला ती जाळी जमिनीच्या टोकाशी झाळलेली होती, तर दुसऱ्या टोकाला ती कापून वर काळी नळी चढवलेली होती. जाळीत शिरणारा बाहेरचा विद्युत गोंगाट एकाच टोकाने निघून जावा आणि संदेशाच्या परतीच्या तारेत मिसळू नये, यासाठी ही रचना असते. झाळलेले टोक सीडी प्लेअरकडे ठेवावे एवढेच तो बाण सांगतो; केबल उलटी लावली तर क्वचित थोडी घरघर वाढेल, आणि गाणे पूर्वीसारखेच वाजेल.