मॅकॅरन पार्कचा तलाव २८ वर्षं कोरडा का राहिला?

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये, ग्रीनपॉइंट आणि विल्यम्सबर्ग या वस्त्यांच्या हद्दीवर असलेल्या मॅकॅरन पार्कमधला सार्वजनिक पोहण्याचा तलाव २८ जून २०१२ रोजी पुन्हा सुरू झाला. खर्च आला सुमारे ५ कोटी डॉलर. पण इतकी वर्षं पैसा नव्हता म्हणून तो बंद होता, हे अर्धंच खरं.

तलाव बांधला गेला महामंदीत. बेकारांना काम देण्याच्या केंद्राच्या योजनेतून १९३६ च्या एकाच उन्हाळ्यात शहरात असे ११ मोठे तलाव उघडले. उद्यान आयुक्त होते रॉबर्ट मोझेस. पुढे शहराचा नकाशाच बदलून टाकणारा हा गृहस्थ कॉलेजात असताना येलच्या पोहण्याच्या संघात होता. त्या जुलैत सेंट्रल पार्कमध्ये पारा १०६ फॅरनहाइटवर, म्हणजे ४१ अंश सेल्सिअसवर गेला होता. ३१ जुलैला मॅकॅरनचा तलाव उघडला: ३३० फूट लांब, १६५ फूट रुंद, एका वेळी ६,८०० माणसं मावतील एवढा. कपडे बदलायच्या इमारतीला विटांच्या भव्य कमानी. गरीब वस्तीसाठी इतकं देखणं काही बांधावं, असं तेव्हा सरकारला वाटत होतं.

सत्तरच्या दशकात शहराची तिजोरी आटली आणि देखभाल सुटली. १९८३ च्या हंगामानंतर तलाव दुरुस्तीसाठी बंद झाला. १९८४ मध्ये काम सुरू व्हायच्या वेळी आडवे आले ते आसपासचेच रहिवासी. तक्रार होती गुंडगिरीची, नशेची, नासधुशीची. हवाच असेल तर आमच्यापुरता छोटा तलाव करा, अशी मागणी होती. ‘बाहेरची पोरं नकोत’ हा त्यातला न लपणारा सूर होता. वस्ती तेव्हा बहुतांशी गोऱ्यांची, पोलिश-इटालियन. बाहेरून येणारी पोरं बरीचशी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. काम थांबलं ते थांबलंच. पाडायचा की वाचवायचा, हा वाद पुढची कित्येक वर्षं चालला.

कोंडी फुटली २००५ नंतर. नदीकाठचे बांधकामाचे नियम बदलले, टॉवर उठू लागले, नवा पैसेवाला वर्ग राहायला आला. २००५ मध्येच नृत्यदिग्दर्शिका नोएमी लाफ्रान्स यांनी कोरड्या तलावाच्या तळावर नृत्यप्रयोग केला. मग २००८ पर्यंत दर उन्हाळ्यात तिथे रॉकच्या मैफली झाल्या. वस्तीत नसलेल्यांनाही ही जागा माहीत झाली. २००७ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांनी निधी जाहीर केला आणि वास्तूला वारशाचा दर्जाही मिळाला.

आताचा तलाव इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा, क्षमता १,५००, म्हणजे जुन्याच्या पावपटीहून कमी. छोटा तलाव मागणाऱ्यांचं म्हणणं असं उशिरा का होईना पदरात पडलं! उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात जीवरक्षकांना मारहाण झाली. ‘आम्ही सांगत होतोच’ म्हणणारे होतेच. बंदोबस्त वाढवला, पण तलाव चालूच ठेवला. प्रवेश फुकट, मात्र लॉकरसाठी स्वतःचं कुलूप नसेल तर दारातूनच परत पाठवतात.