खरी वेळ कोणाची?

संगणकातले क्वार्ट्झचे घड्याळ मनगटावरच्या स्वस्त घड्याळापेक्षा फारसे सरस नसते. दहा लाख सेकंदांमागे दहा सेकंदांची चूक ऐकायला क्षुल्लक वाटते. पण तिचा हिशेब केला तर दिवसाला सुमारे ०.८६ सेकंद आणि महिन्याला २६ सेकंदांच्या आसपास फरक पडतो. म्हणून संगणकात पडद्याआड एक प्रोग्राम सतत चालू असतो आणि तो नेटवर्कवरच्या सर्व्हरांना वेळ विचारत राहतो. या विचारपुशीची 'एनटीपी' (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल) ही पद्धत अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली मांडली आणि तिची चौथी आवृत्ती २०१० साली प्रमाणित झाली.

वेळ विचारणे सोपे असले तरी आलेल्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा हे ठरवणे अवघड आहे, कारण उत्तर हाती पडेपर्यंत ते शिळे झालेले असते. त्यासाठी चार नोंदी ठेवल्या जातात: प्रश्न निघाला तो क्षण, तो सर्व्हरकडे पोहोचला तो क्षण, उत्तर निघाले तो क्षण आणि ते परत आले तो क्षण. यांवरून प्रवासाला लागलेला एकूण वेळ आणि दोन घड्याळांतला फरक निघतो. मात्र जाण्याला आणि येण्याला सारखाच वेळ लागला, असे त्यात गृहीत धरलेले असते. जाताना ३० आणि येताना १० मिलिसेकंद लागले, तर हिशेब १० मिलिसेकंदांनी चुकतो आणि ही चूक प्रोग्रामला कोणत्याही उपायाने दिसत नाही. त्याला एवढेच ठाऊक असते की प्रवासामुळे येणारी चूक एकूण प्रवासवेळेच्या निम्म्याहून, म्हणजे इथे २० मिलिसेकंदांहून, जास्त असू शकत नाही. म्हणूनच प्रत्येक सर्व्हरच्या शेवटच्या आठ उत्तरांपैकी सर्वांत कमी वेळात आलेले उत्तर ग्राह्य धरले जाते: जे वाटेत कमी रखडले, ते कमी बिघडले.

पुढची पायरी मला या साऱ्या रचनेतली सर्वांत सुंदर वाटते. प्रत्येक सर्व्हरचे उत्तर हा एक बिंदू न मानता एक पट्टा मानला जातो: 'खरी वेळ या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे'. मग सगळे पट्टे एकमेकांवर ठेवून, बहुसंख्य पट्टे जिथे एकमेकांवर येतात तो भाग शोधला जातो. कीथ मार्झुलो यांनी १९८४ च्या आपल्या प्रबंधात मांडलेल्या कल्पनेवर ही रीत आधारलेली आहे. ज्यांचा पट्टा या सामाईक भागाला शिवतही नाही, ते सर्व्हर खोटे ठरवून बाजूला काढले जातात. दोनच सर्व्हर असले आणि त्यांचे पटले नाही, तर बहुमतच होत नाही. तीन असले तर एक खोटा ओळखता येतो. आणि चार असले तर त्यांतला एक बंद पडल्यावरही ही सोय शिल्लक राहते.

उरलेल्यांमधून, ज्यांचे आकडे इतरांपासून फार विखुरलेले आहेत ते एकेक करून गाळले जातात, पण तिनाच्या खाली सहसा जात नाहीत. राहिलेल्यांची भारित सरासरी काढली जाते आणि त्यांच्यातला एक प्रमुख ठरतो. क्षणोक्षणी प्रमुख बदलला तर घड्याळ हेलकावे खाईल, म्हणून आधीचा प्रमुख अजून यादीत असेल आणि त्याचा स्तर, म्हणजे मूळ अणुघड्याळासारख्या संदर्भापासूनची पायरी, यादीत आता पहिल्या आलेल्या सर्व्हरइतकाच असेल, तर गादी त्याच्याकडेच राहते.

फरक कळला म्हणून काटे लगेच सरकवले जात नाहीत. तो १२८ मिलिसेकंदांच्या आत असेल, तर घड्याळाची चाल किंचित मंद वा जलद केली जाते आणि वेळ मागे न उडी मारता हळूहळू जुळते. स्थिरावल्यावर विचारपूसही विरळ होते: ६४ सेकंदांवरून १०२४ सेकंदांपर्यंत. याउलट १००० सेकंदांहून मोठा फरक दिसला, तर 'एनटीपीडी' हा एनटीपी चालवणारा प्रोग्राम काम थांबवतो आणि निर्णय माणसावर सोडतो.

या सावधपणाची गरज १९ नोव्हेंबर २०१२ रोजी दिसली. अमेरिकी नौदल वेधशाळेचे 'टिक' आणि 'टॉक' हे नामांकित सर्व्हर त्या दिवशी काही काळ २००० साल सांगू लागले. दोघांचे एकमेकांशी उत्तम जुळत होते, त्यामुळे या दोघांवरच विसंबलेल्या नेटवर्कांना बहुमताचा काहीच उपयोग नव्हता. काही ठिकाणी संगणक बारा वर्षे मागे गेले आणि त्यामुळे लॉगिनही अडले. पट्ट्यांचे गणित चुकले नव्हते. फक्त साक्षीदार दोन दिसत असले तरी ते एकाच घरचे होते.

भारतात सर्ट-इन या संगणक-सुरक्षेच्या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वा नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या सर्व्हरांशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरांशी, जुळवायची आहेत. संगणकाने कोणत्या सर्व्हरांना विचारायचे याची यादी लिहिताना एकाच संस्थेच्या सर्व्हरांची चार नावे देऊन थांबण्यापेक्षा दोन्हींकडचे सर्व्हर घेतले, तर बहुमताच्या त्या गणिताला निदान दोन वेगळी घरे मिळतात.