शंभरातले नव्वद रुपये खरंच पगारात जातात का?

"संस्थेला १०० रुपये द्या, ९० पगार-ऑफिसात जातात, गरिबाला १०च" हा फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय. शंका रास्तच आहे, पैसे आपले आहेत. पण सगळ्या संस्थांना लागू होईल असा एकच आकडा नसतो.

आधी पगाराचं बघू. फिरत्या दवाखान्यातल्या नर्सचा पगार हा वरखर्च म्हणायचा की मदत? तीच तर सेवा देते ना. शिवाय एखादी मोठी संस्था कधीकधी स्वतः काम न करता छोट्या संस्थांना पैसे देते, अर्ज मागवते, जाऊन बघून येते, पुढचा हप्ता आधीचा हिशोब आल्यावरच सोडते, आणि या देखरेखीलाही माणूस लागतोच.

आता चेक कसं करायचं. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांचा कायदा १९५० चा आहे, त्यात नोंदलेल्या ट्रस्टला हिशोब ठेवावे लागतात आणि ठरलेल्या नमुन्यात धर्मादाय आयुक्तांना (ट्रस्टांवर देखरेख करणारे सरकारी अधिकारी) द्यावे लागतात. त्यातलं उत्पन्न-खर्च पत्रक म्हणजे अनुसूची ९ मागा. आस्थापना खर्च (म्हणजे ऑफिस चालवण्याचा) वेगळा, विश्वस्तांचं मानधन वेगळं, आणि शिक्षण, वैद्यकीय मदत, गरिबांना मदत अशा उद्देशांवरचा खर्च वेगळा दिसतो. एकाच वर्षावर जाऊ नका, दोन-तीन वर्षं शेजारी ठेवा, कारण एखाद्या वर्षी इमारत दुरुस्ती निघाली की आकडे हलतात. संस्था देत नसेल तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात नकलेसाठी अर्ज करता येतो.

आणि हो, इन्कम टॅक्सचा ८५ टक्केवाला नियम पगारावरची मर्यादा नाही, तो संस्थेनं उत्पन्नातले किमान ८५ टक्के साधारणपणे त्याच वर्षी आपल्या उद्देशासाठी वापरण्याबद्दल आहे.