गोंडाइट

मँगनीजयुक्त गाळाच्या रूपांतरणातून (उष्णता व दाबाने झालेल्या बदलातून) बनलेला खडक. स्पेसर्टीन हे मँगनीज-ॲल्युमिनियमचे गार्नेट आणि क्वॉर्ट्‌झ हे त्याचे मुख्य घटक. जोडीला ऱ्होडोनाइट व इतर मँगनीज सिलिकेटे असतात. नागपूर, भंडारा, बालाघाट व छिंदवाडा जिल्ह्यांतून सुमारे २०० किमी. लांबीच्या कमानीसारख्या पट्ट्यात तो आढळतो. नाव गोंड लोकांवरून. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील लुइस ली फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगनीज साठ्यांवरील आपल्या बाराशेहून अधिक पृष्ठांच्या ग्रंथात त्याचे सविस्तर वर्णन केले.

नागपूर शहर दोन भूरचनांच्या सीमेवर वसले आहे. पश्चिमेकडे दख्खनचा काळा पाषाण. पूर्वेस व ईशान्येस त्याहून कितीतरी जुने पट्टिताश्म (पट्टेदार खडक, नाइस), सुभाजा (पापुद्र्यांत फुटणारा खडक, शिस्ट), क्वॉर्ट्‌झाइट व संगमरवर. या जुन्या खडकांतील गाळापासून झालेल्या गटास सौसर समूह म्हणतात. त्याचे सीतासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबावली, जुनेवानी व बिचुआ असे विभाग पाडतात. गोंडाइट व धातुक (ज्यातून मँगनीज काढतात ते खनिज द्रव्य) मुख्यतः मनसर विभागात, अभ्रकयुक्त सुभाजांमध्ये, साधारणपणे तीन पातळ्यांवर सापडतात. (मनसर हे नाव इतिहासाच्या वाचकांना वाकाटककालीन अवशेषांमुळे अधिक परिचित असेल.)

ताजा फोडलेला गोंडाइट पिवळसर नारिंगी ते तपकिरी, साखरेसारखा रवाळ दिसतो. ऱ्होडोनाइट असल्यास गुलाबी पट्टे उमटतात. उघड्यावर राहिलेल्या खडकावर मात्र काळ्या ऑक्साइडाचे जाड पुट चढते, त्यामुळे बाहेरून पाहून सिलिकेट खडक कोणता आणि धातुक कोणते हे सांगणे कठीण जाते. रामटेकजवळच्या काचुरवाही येथील ब्लॅनफोर्डाइट हे पायरॉक्सीन गटातील सिलिकेट खनिज सूक्ष्मदर्शकाखाली फिरवले असता गुलाबी, जांभळे व आकाशी असे रंग पालटते. बेलडोंगरीच्या तीव्र चुंबकीय धातुकाला फर्मर यांनी व्ह्रेडेनबर्गाइट हे नाव दिले होते. ते जेकब्साइट व हॉसमनाइट या दोन खनिजांचे अंतर्वर्धन (एकमेकांत गुंतलेली वाढ) असल्याचे पुढे दिसून आल्याने स्वतंत्र खनिज म्हणून त्याला आता स्थान नाही.

उत्पत्तीविषयी मतभेद आहेत. आंध्रातील कोडुराइट हा स्पेसर्टीनसदृश गार्नेट असलेला खडक फर्मर यांनी अग्निज, म्हणजे शिलारसाच्या अंतर्वेशनाने झालेला मानला. गोंडाइट मात्र त्यांच्या मते गाळाचाच. (कोडुराइटाचे अग्निज मूळही नंतरच्या अभ्यासकांनी फारसे स्वीकारले नाही.) खरा वाद धातुकाचा आहे. शुद्ध मँगनीज गाळ दाबला जाऊन काही धातुक थेट बनले, पण बरेचसे आधी तयार झालेल्या गोंडाइटातील सिलिकेटांच्या रासायनिक बदलातून आले, अशी फर्मर यांची मांडणी होती. १९५६ च्या मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेसाठी स्ट्राझेक, नारायणस्वामी प्रभृतींनी केलेल्या पाहणीत व पुढे सुप्रिय रॉय यांच्या लेखनात गोंडाइट व धातुक ही एकाच गाळाची शेजारशेजारची रूपे ठरतात. चिकणमाती व वाळू मिसळली तेथे गार्नेट झाले. मँगनीज ऑक्साइड जवळजवळ निर्भेळ राहिले तेथे ब्राउनाइट हे मँगनीजचे धातुखनिज. धातुकाचे थर सुभाजांना समांतर जातात, त्यांच्याबरोबरच वळ्या घेतात, आणि बालाघाटच्या भरवेली खाणीत ४०० मीटरपेक्षा खोलवरही टिकून आहेत. वरून झिरपणाऱ्या पाण्याच्या करामतीने हे साधणे अवघड. म्हणून दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. पृष्ठभागालगतची सायलोमेलेन व पायरोलुसाइट ही मँगनीज ऑक्साइडे मात्र नंतरच्या झिजेचीच.

मूळ गाळ ऑक्साइडाचा की कार्बोनेटाचा, हा याला जोडून येणारा प्रश्न. काही ठिकाणे वगळता या पट्ट्यात मँगनीज कार्बोनेट व ग्रॅफाइट यांचे प्रमाण अल्प असल्याने ऑक्साइडाकडे कल आहे. सेंद्रिय द्रव्य फारसे नसल्यामुळेच ऑक्साइड रूपांतरणातही क्षपण न होता (ऑक्सिजन न गमावता) तगले असावे. मँगनीज जमिनीवरील खडकांच्या झिजेतून आले की ज्वालामुखी क्रियेतून, याबाबत समूहातील ज्वालामुखी खडकांची विरळता पहिल्या पर्यायाला अनुकूल आहे.

कालनिश्चितीही सावधपणेच करावी लागते. पूर्वी हे खडक आर्कियन (२५० कोटी वर्षांहून जुने) समजले जात. याच भागातील तिरोडी पट्टिताश्मासाठी रुबिडियम-स्ट्राँशियम या किरणोत्सर्गावर आधारित पद्धतीने सुमारे १५२ कोटी वर्षे, तर नंतरच्या तापण्याचे सुमारे ८६ कोटी वर्षे असे आकडे मिळाले आहेत. मोनाझाइट या खनिजावरील अलीकडील अभ्यास मुख्य रूपांतरण साधारण ९५ ते १०५ कोटी वर्षांपूर्वीचे दर्शवितात. तिरोडी पट्टिताश्म हा सौसर गाळाचा पाया, की अंशतः त्याच गाळाचे वितळून झालेले रूप, यावर वय कसे वाचायचे ते ठरते. देवलापार परिसरात डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३६ मध्ये दाखवलेल्या आडव्या सरकलेल्या वळीमुळे थरांचा क्रम उलटापालटा झाला असून, तेथे क्षेत्रकाम करणाऱ्याला याची जाणीव ठेवावी लागते.

नागपूर जिल्ह्यात मनसर, कांद्री, बेलडोंगरी व गुमगाव, तर भंडाऱ्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे खदानी आहेत. १८९६ च्या प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपासून चालत आलेला हा व्यवसाय १९६२ मध्ये स्थापन झालेल्या व नागपुरात मुख्यालय असलेल्या मॉइल कंपनीकडे आला. गोंडाइटात सिलिका फार असल्याने तो स्वतः धातुक म्हणून निरुपयोगी ठरतो आणि खदानीच्या ढिगाऱ्यावर जातो. ओडिशातील गंगपूर व आफ्रिकेतील घाना येथेही असे खडक आढळतात.